जळगाव–धरणगाव–अमळनेर–पारोळा–पद्मालय : एका रविवारात, आईला सोबत घेऊन

बोरीकाठ
रविवार, रात्री १०.२०

आताच घरी पोचलो. मुलं गाडीतच झोपली, आई मात्र अजून जागी आहे आणि मामाला फोनवर सगळं सांगतेय. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

सुट्टी आली की आमच्या घरात एकच चर्चा : लांब कुठे जायचं. मुलांना समुद्र हवा असतो आणि आईचे गुडघे दोन तासांच्या वर गाडीत बसू देत नाहीत. या वेळी आईच म्हणाली, "मला एकदा अमळनेर दाखवून आण." तिचं माहेर अमळनेरचं. आजोबा प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. ते गेले, मामा नाशिकला स्थायिक झाला, घर विकलं, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. जळगावपासून साठेक किलोमीटर. एवढ्या वर्षांत ती तिथे गेली नव्हती, आणि तिला घेऊन जावं हे मला सुचलं नव्हतं. याची मला खरोखर लाज वाटली.

सकाळी सात वाजता निघालो. पाळधीहून धरणगावला वळलो. दोन्ही बाजूंना दादर कणसावर आलेली, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, वरून हिवाळ्याचं कोवळं ऊन. मुलांना दादर आणि संकरित ज्वारीतला फरक आजीने गाडी थांबवून दाखवला. धरणगावला फक्त चहाला थांबणार होतो, पण मुलीच्या पुस्तकात बालकवींची कविता होती आणि ते १८९० साली याच गावात जन्मले हे तिला माहीत नव्हतं. "म्हणजे ते आपल्याकडचे?" असं तिने तीनदा विचारलं. मग बाजारपेठेतून अर्धा तास पायी फिरलो. विणकरांचं जुनं गाव. लाकडी खांबांची, माडीची काही घरं अजून उभी आहेत.

अमळनेरला साडेनवाला पोचलो. आधी बोरी नदीच्या पात्रातलं सखाराम महाराजांचं मंदिर. आता पात्रात पाणी नावालाच. आई म्हणाली, वैशाखात यात्रा भरली की हे अख्खं पात्र माणसांनी भरतं. पाळणे, भांड्यांची दुकानं, बांगड्यांची दुकानं, सगळं वाळूतच. वर्षाच्या बांगड्या ती तिथेच भरायची. कोणत्या बाजूला बांगडीवाले बसायचे ते तिने बोट करून दाखवलं. तिथे आज काहीच नव्हतं, तरी आम्ही सगळे त्या बाजूला बराच वेळ बघत राहिलो.

मग प्रताप हायस्कूल. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथे शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचे कपडेसुद्धा धुवायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. श्रीमंत प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये सुरू केलेलं तत्त्वज्ञान मंदिर रविवार असल्याने बाहेरूनच पाहिलं. गिरणी काढणारा माणूस तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढतो, हे मला आजही थोर वाटतं. मुलगा मात्र रमला विप्रोत. जगभर नाव असलेली ही कंपनी १९४५ मध्ये इथे वनस्पती तूप काढायला सुरू झाली, यावर त्याचा विश्वास बसेना. शेवटी मोबाइलवर खात्री करून घेतली तेव्हा गप्प बसला.

आणि मग आईची गल्ली. घर ओळखू आलं नाही, तिथे आता तीन मजली इमारत आहे. आई रस्त्यातच उभी राहिली. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी गहू निवडत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "कोनी पोर शे व माय तू?" आईने आजोबांचं नाव सांगितलं. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "ये, बठ. च्या टाकस."

पुढचा पाऊण तास आई अहिराणीत बोलत होती. माझ्या मुलांनी आजीला अहिराणी बोलताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लग्न होऊन जळगावात आल्यावर तिने ती बोली घरात वापरलीच नाही, मुलांची शाळा सुधारली पाहिजे म्हणून. ती 'मुलं' म्हणजे मी. धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, आजीचा आवाज वेगळा झालाय." खरंच झाला होता. मोकळा, चढा, हसरा. मला तो आवाज लहानपणी ऐकल्यासारखा वाटला, पण खात्री नाही.

तिथून निघायला एक वाजला. पारोळ्यात जेवलो. शेवभाजी, भाकरी, कांदा, लिंबू. मुलांना रस्सा तिखट लागला, पण दोघांनी दुसरी वाटी घेतली. पारोळ्याचा किल्ला भुईकोट आणि गावाच्या अगदी मधोमध. बाजार संपतो तिथे खंदक सुरू होतो. झाशीच्या नेवाळकरांची ही जहागीर, त्यामुळे झाशीच्या राणीच्या सासरचं नातं या गावाशी आहे आणि गावातले लोक ते अभिमानाने सांगतात. आत पडझड खूप आहे. झुडपं वाढली आहेत. तरी बुरुजावरून गाव फार छान दिसतं.

एरंडोलला थांबलो नाही. दिवस मावळायच्या आत पद्मालय गाठायचं होतं. टेकडीवरचा गणपती, एकाच गाभाऱ्यात दोन मूर्ती, एक उजव्या सोंडेची आणि एक डाव्या. समोर कमळांचं तळं. फुलं थोडी होती, पानं भरपूर. आई काठावर बसली आणि म्हणाली, "आता घरी चल, भरलं पोट."

तुम्हीही आपल्या भागातल्या अशा गावांचे रस्ते सांगा. पुढच्या वेळी कुठे जावं?

चैत्रपालवी
रविवार, रात्री ११.०५

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझं सासर धुळ्याचं, राहतो पुण्यात. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, मुलगी पाच वर्षांची. दोन अगदी साधे प्रश्न. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे झाली? आणि पद्मालयला पायऱ्या किती चढाव्या लागतात? अशा सहलींची वर्णनं वाचते तेव्हा हे कोणी लिहीत नाही, आणि आमचा अर्धा दिवस त्याच काळजीत जातो.

बोरीकाठ
रविवार, रात्री ११.३०

ताई, बरं झालं विचारलंत. बायकोला विचारून लिहितो. सकाळी हायवेच्या पेट्रोल पंपावर ठीक होतं. धरणगावला अडचण झाली, बाजारात शोधूनही सापडलं नाही. अमळनेरला त्या आजींच्याच घरी. पारोळ्यात जिथे जेवलो तिथे होतं पण स्वच्छ नव्हतं. तिचा सल्ला असा की जेवणाची जागा निवडताना आधी हे बघावं, चव नंतर. पद्मालयला गाडी वरपर्यंत जाते, मंदिराजवळ मोजक्याच पायऱ्या आहेत. आई कठड्याला धरून हळूहळू चढली. किल्ल्यात मात्र ती आली नाही. बाहेर एका कापड दुकानदाराने तिला खुर्ची दिली, तिथे बसली.

सातपुडा_पायथा
सोमवार, सकाळी ७.४०

छान लिहिलंय भाऊ. आता तापीच्या उत्तरेला या. आमचा रस्ता भुसावळ–फैजपूर–सावदा–रावेर, परतताना यावल. केळीच्या बागांमधून जाणारा हा रस्ता जानेवारीत बघावा. दोन्ही बाजूंना हिरवी भिंत आणि मधूनच घडांनी भरलेला ट्रॅक्टर. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

फैजपूरला मुलांना नक्की न्या. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी सगळी सजावट इथे मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी केली. बांबू, चटया, मातीची भांडी. माझे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते, बैलगाडीने गेले होते. त्यांना भाषणातलं काही आठवत नव्हतं. आठवत होती ती फक्त गर्दी आणि रात्री दिसलेले दिवे. मरेपर्यंत ते दिवे सांगायचे.

आणि भरीत. हॉटेलात नको, शेतात. आमच्याकडची हिरवी-पांढरी लांबट मोठी वांगी, बामणोदची मिळाली तर उत्तम. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलून लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायची. त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही. कितीही कोळसा ठेवून धूर द्या, येत नाही. थंडी संपली की वांग्यातली ती चव जाते, म्हणून फेब्रुवारीच्या आत या. ओळखीत कोणी शेतकरी नसेल तर इथे सांगा, आमच्या मळ्यात चूल मांडू.

पांझराकाठचे नाना
सोमवार, सकाळी ९.१५

बोरीकाठ, आईंना घेऊन गेलात हे फार चांगलं केलंत. पण एक सांगतो, वडीलकीच्या नात्याने. एका दिवसात चार गावं जास्त होतात. तुमच्याच लिखाणात दिसतं. अमळनेरला मन थांबलं होतं, आणि पुढे नुसती धावाधाव. तत्त्वज्ञान मंदिर बाहेरून, किल्ला घाईत, एरंडोल गाडीतून. एक दिवस, दोन गावं, एवढंच धरा.

आता धुळ्याकडून एक रस्ता सुचवतो. सकाळी धुळ्यात राजवाडे संशोधन मंदिर. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये गेले, त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली कागदपत्रं पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या या संस्थेने सांभाळली. मग मुंबई–आग्रा रस्त्याने सोनगीर. तिथले तांबट अजून तांब्या-पितळेची भांडी घडवतात. आळीत शिरलात की ठोक्यांचा आवाज येतो. माझ्या सुनेने तिथून घेतलेला हंडा घरात आहे, चाळीस वर्षं टिकेल. सोनगीरहून पुढे शिरपूर, आणि तिथून थाळनेर.

थाळनेर तापीच्या काठावर आहे आणि खान्देशचा अर्धा इतिहास त्या एका गावात पडलेला आहे. खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी राजांचं पहिलं ठाणं हेच. त्यांच्यातला पहिला, मलिक राजा, १३९९ मध्ये वारला, त्याची कबर इथे आहे. गावाबाहेर फारुकींचे घुमट आहेत, त्यातल्या अष्टकोनी घुमटाचं कोरीवकाम बघताना माणूस वेळ विसरतो. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा दरवाजात झालेल्या गोंधळात त्यांचे दोन अधिकारी मारले गेले, आणि त्याच्या रागात आतली बहुतेक सगळी शिबंदी कापली गेली. किल्लेदार तुळशीराम मामाला जनरल हिस्लॉपने फाशी दिलं. त्या दरवाजाच्या जागेवर उभं राहून हे मुलांना सांगितलं तर पाठ्यपुस्तकात '१८१८' हा आकडा दिसल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहील.

आणि आईंना सांगा, लता मंगेशकरांचं आजोळ थाळनेर. त्यांच्या मातोश्री तिथल्या लाड घराण्यातल्या.

बोरीकाठ
सोमवार, दुपारी १.१०

नाना, तुमचं पटलं. काल रात्री आईही तेच म्हणाली, फक्त वेगळ्या शब्दांत : "गाव बघायचं तर तिथे एकदा तरी बसायला पाहिजे." थाळनेरचं आजोळ वाचून दाखवलं तर ती उठूनच बसली.

गिरणेचं_पाणी
सोमवार, दुपारी ३.२५

चाळीसगाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. पाटणादेवी चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या डोंगरात. थोर गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, त्याचं नाव चांगदेव, तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख तिथे सापडला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी गणिताची शिक्षिका आहे. दरवर्षी सहावीच्या मुलांना नेते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथातलं एक उदाहरण त्या डोंगराकडे तोंड करून सोडवतो. वर्गात न बोलणारी मुलं तिथे बोलतात.

चाळीसगावातच, स्टेशनपासून जवळ, केकी मूस यांचं घर. कलामहर्षी म्हणून सगळे ओळखतात. छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार. जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर पडले नाहीत म्हणतात, एक-दोन प्रसंग सोडले तर. मुंबईहून येणाऱ्या पंजाब मेलने कोणीतरी यायचं होतं, त्या वाटेकडे डोळे लावून ते रोज राहिले, असं गावात सांगतात. १९८९ च्या शेवटच्या दिवशी ते गेले. टेबलावर मीठ, कापूस, काड्या मांडून त्यांनी बर्फाळ प्रदेशाचे वाटावेत असे फोटो काढले. मुलांना ते बघायला फार आवडतं. आमच्या वर्गातल्या एका मुलाने घरी जाऊन रवा पसरून वाळवंट केलं आणि आईच्या मोबाइलवर फोटो काढून आणला.

जाण्याआधी घर उघडं आहे का ते विचारून घ्या.

पीजेचा_प्रवासी
सोमवार, सायंकाळी ७.५०

माझी सहल आता होऊ शकत नाही, पण इथे नोंद राहावी. पाचोरा–जामनेर, आमची पीजे. छोट्या रुळांची गाडी, छप्पन्न किलोमीटर, वाटेत वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. आजी मला शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला घेऊन जायची, गाडी इतकी हळू की वळणावर उतरून बोरं वेचून पुन्हा चढणारी पोरं मी पाहिली आहेत. २०२० मध्ये बंद झाली ती पुन्हा धावली नाही. तिथे आता मोठा रूळ होणार आहे, सोय होईल, मला त्याचा आनंदच आहे. पण माझ्या मुलीला मी त्या गाडीत बसवलं नाही. उद्या बसवू, पुढच्या सुट्टीत बसवू, असं म्हणत राहिलो.

शेंदुर्णी आजही जाण्यासारखं आहे. आषाढीला पंढरपूरला जाणं न जमलेले लोक त्रिविक्रमाच्या दर्शनाला येतात. जे जमेल ते या वर्षीच करा, एवढंच सांगतो.

दादरची_भाकरी
सोमवार, रात्री ९.००

एरंडोल तालुक्यातलं फरकांडे राहिलं. झुलते मनोरे. एक हलवला की दुसरा हलायचा, आमच्या वडिलांनी स्वतः हलवलेला. दोनातला एक पडला, आता एकच उभा आहे. तो तरी पाहून घ्या. पद्मालयाच्या दिवशीच जमतं.

बालकवींबद्दल थोडं जोडते. जन्म धरणगावचा, आणि मृत्यूही आपल्याच भागात. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रूळ ओलांडताना. वय जेमतेम सत्तावीस. भादली जळगाव–भुसावळच्या मध्ये. मी रोज अप-डाउन करते, गाडी भादलीवरून जाते तेव्हा दर वेळी आठवण होते.

चैत्रपालवी
मंगळवार, सकाळी ८.१०

अहिराणीचा प्रसंग मी काल सासूबाईंना वाचून दाखवला. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मीही सोडली. तुझ्या नवऱ्याला शाळेत हसले होते म्हणून." मला लग्नाला नऊ वर्षं झाली, हे मला ठाऊक नव्हतं. रात्री त्यांनी नातीला झोपवताना अहिराणीत काहीतरी म्हटलं. मला अर्धंच कळलं.

सातपुडा_पायथा
मंगळवार, सकाळी ९.३०

आमच्या यावल-रावेरकडे लेवा बोली, ती अहिराणीहून वेगळी. जळगावच्या जुन्या गावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा आहे, तिथे जाऊन त्यांचं जातं आणि संसाराच्या वस्तू पाहून या. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडून जी बोली आली तिने सगळ्या महाराष्ट्राला वेड लावलं, आणि आम्ही शाळेत ती बोलायला घाबरायचो. बोरीकाठ, तुमच्या आईंनी मुलांपुढे अहिराणी बोलत राहावं. तुमच्या मुलांनाही उत्तर देऊ द्या, चुकलं तर चुकलं.

पांझराकाठचे नाना
मंगळवार, सकाळी १०.४५

एक व्यवहाराची गोष्ट. अमळनेरला मंगळवारी जाऊ नका. मंगळग्रह मंदिरात त्या दिवशी फार मोठी गर्दी असते, गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. दर्शनच करायचं असेल तर गोष्ट वेगळी. आणि मार्चनंतर म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुठेच निघू नका. आपलं ऊन कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

शहादा-नंदुरबारकडचं कोणी लिहीत नाही, म्हणून थोडक्यात. प्रकाशा, तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणतात. १९५४-५५ च्या उत्खननात तिथे ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. जवळच सारंगखेडा, दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार. लहान मुलं असतील तर यासारखं दुसरं काही नाही. आणि नंदुरबारला शिरीषकुमारच्या स्मारकापाशी दोन मिनिटं उभे राहा. ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा, शाळकरी पोर. पोलिसांच्या गोळीबारात तो गेला, त्याच्यासोबत आणखी चौघे गेले. तुमच्या मुलाच्या वयाचेच असतील.

बोरीकाठ
मंगळवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवताना हा धागा आईला पूर्ण वाचून दाखवला. पीजेचं ऐकून ती म्हणाली, माझी मावशी पहूरची, आम्हीही त्याच गाडीने जायचो. हे मला नवीनच.

ठरलं ते असं. येत्या रविवारी फक्त थाळनेर, वाटेत सोनगीर. नानांचा नियम, दोन गावं. जेवणाचा डबा घरून, तापीच्या काठावर बसून खायचा. त्यानंतरच्या रविवारी सातपुडा_पायथा यांच्या मळ्यात भरीत. वांगी तुमची, कळण्याचं पीठ आम्ही आणतो. आईने आजच ज्वारी आणि उडीद निवडायला घेतलेत. शेजारी धाकटा बसलाय आणि ती त्याला प्रत्येक गोष्टीचं अहिराणी नाव विचारतेय. सुपाला काय म्हणतात ते त्याला आलं नाही, तर उठून शेजारच्या काकूंकडे विचारायला गेलाय.

अमळनेरच्या त्या आजींचा फोन नंबर घ्यायचा राहून गेला. आई म्हणते नंबर कशाला, गल्ली माहीत आहे.